गुरुवारची सुरखी

सुखदेव मिस्त्री गेले ही बातमी आली तेव्हा मी भोकरदनच्या आमच्या बांधकाम उपविभागात एका मोरीच्या नकाशावर शाई चढवत बसलो होतो. हसनाबादहून टपाल घेऊन आलेल्या माणसानं दारातूनच सांगितलं, “साहेब, तुमचे ते सुरखीवाले मिस्त्री काल दुपारी गेले. सांजच्याला समदं आटपलं बी.” मी ‘बरं’ म्हणालो. हो, ‘बरं’च म्हणालो. ट्रेसिंग पेपरवरची रेघ अर्धी झाली होती, ती पुरी केली, कारण मधेच सोडली की जोड दिसतो. मग दुसरी ओढली. मग मोरीचा अख्खा उभा छेद संपवला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून रोजच्याइतकंच जेवलो. शनिवारी घरी, जालन्याला गेल्यावर पत्नीला सांगितलं, तर ती पदर डोळ्याला लावून बसली. तिनं त्यांना सगळं मिळून दोनदा पाहिलं होतं. मी तिच्यासमोर बसून रेडिओवरचं हवामान ऐकत होतो. आज पाच आठवडे झाले, रडू आलेलं नाही. कोणी म्हणेल, माणूस कोरडा आहे. असेनही. पण हे कोरडेपण नव्हे... मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी आहे. आणि पुरवणीच्या संपादकांनी ‘चार ओळी लिहा’ म्हटल्यावर त्या बधिर पायावरच उभं राहून मी हे लिहितो आहे.

मिस्त्री हसनाबादचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. वडील दगड वाहायचे. धर्मांतर केलं त्या सुमारास त्यांनी पोराला हाताला धरून जालन्याला आणलं आणि एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाच्या हवाली केलं. चुन्याचं सगळं काम मिस्त्री तिथं शिकले. पुढे जो तो सिमेंट मागू लागला, चुनेवाल्यांना कुणी विचारेना, तसे ते साधे गवंडी झाले, आणि बहात्तरच्या दुष्काळात तर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दुष्काळ सरल्यावर. दुष्काळ सरला होता खरा, पण सिमेंटचा काही सरला नव्हता. परमिटासाठी अर्ज करायचा आणि वाट बघायची. माझ्याकडच्या शाळाखोल्या जोत्यापर्यंत येऊन थांबलेल्या, मास्तर लिंबाखाली पाढे म्हणून घेतायत, आणि मी ओव्हरसियर असून नुसता कागद हलवतोय, अशी गत होती. एकदा कामासाठी नवीन जालन्यात गेलो, तर स्टेशनजवळ एक जुनी जिनिंग फॅक्टरी पाडत होते. भाजलेल्या पक्क्या विटा, चुन्याचे गड्डे, सगळं बैलगाड्यांत भरून नाल्यात लोटणं चाललं होतं. पाडलेल्या भिंतीचा मलबा म्हणजे कचरा, हे तेव्हा सगळ्यांना मान्य होतं, मलाही होतं. त्या ढिगावर एक उंच, काटकुळा माणूस बसून मलब्याचे तीन वेगळे ढीग करत होता, आणि मधूनच एखादी वीट उचलून चक्क चाटत होता.

मला आधी वाटलं, माणूस उपाशी आहे की वेडा. जवळ जाऊन विचारलं. तो ताडकन उठून उभा राहिला. “जोत्याजवळच्या विटेत लोना ऱ्हातो साहेब. जमिनीतलं खारं पानी भिंतीत वर चढतं. असली वीट कुटून सुरखी केली तर गिलावा फुलतो. जिभेला बराबर कळतं.” सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. ती चुन्यात मळली की तो चुना पाण्यातसुद्धा घट्ट धरतो. आपल्याकडचे किती तरी जुने पूल आणि बारवा त्या सुरखीवर उभ्या आहेत, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पुस्तकातली सुरखी आणि माझ्या अडकलेल्या शाळाखोल्या यांची गाठ माझ्या डोक्यात पडलेली नव्हती. ती त्या दिवशी त्या ढिगावर पडली. नाल्यात जाणारा मलबा सरकारी ट्रकनं हसनाबादला नेता आला तर? मिस्त्री म्हणाले, “तुम्ही आणून टाका साहेब. बाकीचं माझ्याकडं लागलं.”

मलबा वस्तीच्या कडेला, मिस्त्रींच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पडला. तिथं त्यांनी घाणी बांधली. गोल दगडी चर, त्यात बैलानं फिरवायचं दगडी चाक, आणि चाकाखाली विटांचे तुकडे, चुना, पाणी. फिरत्या घाणीत सगळं हळूहळू लोण्यासारखं होत जायचं. कौसाबाई, म्हणजे मिस्त्रींच्या घरच्या, बैलामागून चालत पाणी घालायच्या. माल उत्तम निघायचा, पण दिवसभरात घाणे निघायचे दोन. मी तेव्हा तिशीतला, तांत्रिक मासिकं मागवून वाचणारा. एका अंकात मला एका यंत्राचं चित्र दिसलं. पत्र्याच्या बंद पिंपात जोरात फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, वरून विटेचे तुकडे टाकायचे, खाली चाळणीतून भुकटी. मला दुसरं काही सुचेना. दोन महिने मी जालन्यातल्या एका लेथवाल्याच्या दारात ठिय्या देऊन बसलो. भंगारातला दांडा, मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांच्या पट्ट्या, विहिरीवरचं एक जुनं डिझेल इंजिन, अशा सगळ्या टाकून दिलेल्या वस्तूंतून ते मशीन उभं राहिलं. मलब्यातून इमारत आणि भंगारातून मशीन... माझ्या आनंदाला पारावार नव्हता. ज्या दिवशी ते हसनाबादला उतरवलं त्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं. इंजिनाला हँडल मारलं, वीट टाकली, आणि लाल धुळीचा असा लोट उठला की माणसं हसत हसत मागं पळाली. घाणीचं दिवसाचं काम तासात झालं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “नव्याचे नऊ दिवस.” मला ते झोंबलं. हे मशीन नऊ वर्षं चालवून दाखवीन, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. मिस्त्रींना काय वाटतं, ते विचारल्याचं मला आठवत नाही. ते माझ्याकडे बघून हसत होते, भुवया लाल झालेल्या.

घाई माझीच. पहिल्याच खेपेला मी म्हणालो, आता चाटत कुठे बसता, टाका सगळा ढीग. मिस्त्री क्षणभर थांबले, मग ‘बराबर हाय’ म्हणाले आणि ढीग टाकला. त्या सुरखीचा गिलावा वस्तीलगतच्या शाळाखोलीला झाला आणि दोन महिन्यांत भिंतींना खालपासून वरपर्यंत पांढरी दाढी फुटली. हात लावला की पोपडे. नेमके तेव्हाच आमचे उपअभियंता तपासणीला आले. त्यांनी छत्रीच्या टोकानं भिंत खरवडली आणि विचारलं, “हा कोणाचा शहाणपणा?” मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री पुढं झाले. “चूक माझी हाय साहेब. जोत्याच्या विटा बाजूला काढायच्या राहून गेल्या. ह्या साहेबांनी बजावल्तं मला.” इतकं सहज, की ऐकणाऱ्याला संशयही येऊ नये. पुढचे पंधरा दिवस त्यांनी तो सगळा गिलावा स्वतः खरवडून पुन्हा केला. मी नंतर ओशाळून विचारलं, असं का केलंत, तर म्हणाले, “तुमची नौकरी हाय. माझं काय, मला थापीच धरायची हाय.” मला ते थोरपण वाटलं. तेव्हा घरी येऊन पत्नीला मी भरल्या गळ्यानं सांगितलंसुद्धा. माणूस आपल्यासाठी एकदा खोटं बोलला, तर पुन्हाही बोलू शकतो, एवढा साधा हिशेब मात्र मी केला नाही.

त्यानंतर आमचं जमलं. वीट चाटल्याशिवाय मशीनमध्ये टाकायची नाही, हा नियम झाला. वरिष्ठांना पाठवायच्या टिपणात मी ‘क्षारांची प्राथमिक तपासणी’ असं भारदस्त लिहायचो आणि मिस्त्रींना ते वाचून दाखवायचो. ते जीभ बाहेर काढून दाखवायचे, “ही बगा तुमची तपासनी.” दर गुरुवारी माझी फेरी त्या बाजूला असायची. फटफटीवरून ओढा ओलांडून वर आलं की मशीनची घरघर ऐकू यायची आणि जीव सुपाएवढा व्हायचा. पोचलो की कौसाबाई चहा टाकायच्या. मी त्या घरात पहिल्या दिवसापासून चहा प्यायलो, याचं मला स्वतःचं फार कौतुक होतं. आमच्या कचेरीत तेव्हाही असे लोक होते की जे वस्तीतलं काम फटफटीवरून न उतरता तपासायचे. मी त्यांच्यातला नव्हे, मी मिस्त्रींचा मित्र, असं मी चारचौघांत म्हणत असे. मिस्त्री तसं कधी म्हणाले नाहीत. ते मला चार वर्षं ‘साहेब’च म्हणत राहिले, आणि मीही ‘अहो, साहेब काय म्हणता’ असं एकदोनदा म्हणून ती गोष्ट सोडून दिली.

धुळीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मीच त्यांना सांगितलं होतं की नाकाला पंचा बांधत जा, ओला करून. ते बांधायचे. पण मी समोर गेलो आणि बोलायला लागलो की पंचा खाली घ्यायचे. साहेबाशी तोंड झाकून बोलायचं कसं? मग मी तास तास बोलायचो. पट्ट्यांची धार, चाळणीची भोकं, पुढच्या खोलीचा आराखडा. मशीन मागं चालू, लाल लोट आमच्या दोघांवरून जातोय, माझ्या नाकाशी माझा रुमाल, आणि मिस्त्री उघड्या तोंडानं ‘व्हय साहेब, बराबर साहेब’ म्हणतायत. हे चित्र मी आता रोज बघतो. तेव्हा बघत नव्हतो.

तिसऱ्या वर्षी खोकला सुरू झाला. आधी सकाळचा, मग दिवसाचा. पावसाळ्यात हटेना, तेव्हा मी त्यांना फटफटीवर बसवून जालन्याला एका डॉक्टरांकडे नेलं. क्षय असेल असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण थुंकी स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी छातीचं चित्र खिडकीच्या उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “धुळीत काम करता का? किती वर्षं?” मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते डॉक्टरांना म्हणाले, “बहात्तरात खडी फोडली ना साहेब, वरीसभर. दगडाची धूळ लई खाल्ली. तीच आसंल.” डॉक्टर म्हणाले, असू शकतं, अशी धूळ छातीत बसली की मागाहून त्रास देते. आता जी कुठली धूळ असेल ती बंद करा, एवढं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर मला किती हलकं वाटलं ते मी लपवणार नाही. खडी! म्हणजे दुष्काळ. म्हणजे सगळ्यांचंच ते, कुणा एकाचं नव्हे. मी तो शब्द दोन्ही हातांनी धरला. परत येताना वाटेत मिस्त्रींना म्हणालो, “आता मशीनवर दुसरा माणूस ठेवा, तुम्ही लांबून बघा.” ते पाठीमागून ‘व्हय साहेब’ म्हणाले. मशीन बंद करा, असं मात्र मी म्हणालो नाही. तीन खोल्या उभ्या होत्या, चौथीचं जोतं भरत आलं होतं, आणि औरंगाबादच्या कार्यालयातून माझं मशीन बघायला माणसं यायची होती.

शेवटची भेटही गुरुवारचीच. मिस्त्री लिंबाखाली बाजेवर उठून बसलेले, मागं गोधडीचा टेकू. छातीचा पिंजरा सदऱ्यातून दिसत होता. मशीन चालू होतं, कौसाबाई विटा टाकत होत्या. मला आत कुठंतरी बरं वाटलं, की माणूस पडला तरी काम थांबलेलं नाही. मी ते बोलूनही दाखवलं. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं, दोन शब्दांमध्ये दम घ्यावा लागत होता. “चौथ्या खोलीचा... गिलावा... घानीतलाच मारा साहेब,” एवढंच म्हणाले. मी म्हणालो, मारू की, तुम्हीच उभं राहून मारून घ्या. त्यावर ते हसले. मग खोकल्याची अशी उबळ आली की कौसाबाई हातातली पाटी टाकून धावल्या. मला दुसऱ्या गावाला जायचं होतं. मी घड्याळ बघितलं आणि निघालो.

जलदान विधीच्या दिवशी मी गेलो होतो. मंडपात तसबिरी, मेणबत्त्या, वंदना चालू. मला पुढं सतरंजीवर बसवलं, मी मागं येऊन बसलो. लोक ‘साहेब आले, साहेब आले’ करत होते. एकजण माइकवरून म्हणाला की साहेबांनी मिस्त्रींना घडवलं. मी टाळ्या ऐकल्या. कौसाबाई बायकांमध्ये होत्या, त्यांच्याशी बोलणं झालं नाही. निघताना मशीनवर कुणी लेकराचं झबलं वाळत घातलेलं दिसलं, तेवढं आठवतं. त्यानंतर तीन आठवडे मी गुरुवारची फेरी चुकवत राहिलो, सबबी आपोआप सापडत गेल्या.

मागच्या गुरुवारी गेलो. ओढा ओलांडला, वर आलो, आणि मशीनची घरघर काही कानावर येईना. घरामागं गेलो तर घाणी चालू होती. बैल आपल्या चालीनं फिरत होता, चाक ओल्या लाल गाऱ्यातून करकरत चाललं होतं, आणि मागून कौसाबाई तांब्यानं पाणी घालत होत्या. गावात कुणाच्या तरी घराच्या भिंतीला माल हवा होता. मला बघून त्यांनी बैल थांबवला, हात धुतले, बाज टाकली. चहा ठेवला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “मशीन बंद पडलं का? आता ते चालवायला कुणी नसेल ना.”

“मशीन तर बंदच राह्यचं साहेब,” चुलीतलं लाकूड पुढं सारत त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“गुरवारी तेवढं चालायचं. तुमची फटफटी वढ्यात उतरली की म्हनायचे, कौसे, साहेब आले, जल्दी हँडल मार. बाकीचे दिवस घानीच. वल्लं काम, धूळ न्हाई. छातीला बरं पडतं म्हनायचे.”

मी विचारलं, “पहिल्यापासून?”

“न्हाई, पयल्या वर्षी रोज चालवलं की. मंग छाती भरून यायला लागली, तसं बंद केलं. गुरवारचं सोडून.”

“मला एकदा सांगायचं ना...” मी म्हणालो.

त्यांनी चहा गाळला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, गाऱ्हाणं तर नव्हतंच. भिंतीला किती पाणी मारायचं ते सांगावं तसं सांगत होत्या. “मीबी म्हनलं व्हतं त्यायला, सांगून टाका म्हनून. तर म्हनले, साहेबानं केवढा जीव लावून आणल्तं ते. बंद दिसलं तर वाईट वाटंल त्यायला. तासाभराचा तर खेळ हाय, म्हनले, करून टाकू.”

भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. इथं नुसत्या भिकेवर भागलं असतं तर बरं होतं. तासाभराचा खेळ... आणि तो तास मी लांबवायचो. तरी, खरं सांगतो, तेव्हाही मला काही झालं नाही. कपातली साय बोटानं बाजूला केली आणि चहा प्यायलो. किती तास, किती गुरुवार, त्यातली किती धूळ खडीची आणि किती माझी, हे मला कोणी सांगू शकणार नाही, आणि सांगू शकणारा एकच माणूस होता, तो माझ्या तोंडावर कधी खरं बोलला नसता. ज्याला मला ‘न्हाई’ म्हणता येत नव्हतं त्याला मी मित्र म्हणत होतो.

चहा संपला. मी कपबशी खाली ठेवून उठलो आणि काय करावं ते न कळून दोन पावलं मशीनकडे गेलो. कौसाबाईंचा काही वेगळाच समज झाला. त्या लगबगीनं उठल्या, पदर कमरेला खोचला आणि वळचणीचं हँडल काढून इंजिनापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“चालू करू का, साहेब?”

“नको,” मी म्हणालो.

त्यांनी हँडल खाली ठेवलं नाही. तसंच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. साहेब मनापासून नको म्हणतायत की भिडेपोटी, ते त्यांना कळत नव्हतं.